एका मिनिटाची मुदत

खेळला न गेलेल्या सामन्यालाही धावफलक असतो. सॉफ्टबॉलमध्ये त्यावर ७–० असे लिहितात. समोरचा संघ आलाच नाही, आला पण मैदानात उतरला नाही, किंवा रंगात आलेला सामना पंचांनी मध्येच थांबवून दुसऱ्या संघाला बहाल केला, तरी नोंदवहीत जाणारा आकडा हाच. सॉफ्टबॉलचे डाव सात, म्हणून डावामागे एक धाव. बेसबॉलचे डाव नऊ, म्हणून तिथे ९–०. या सात धावा कुणी पळून काढलेल्या नसतात. त्या एका माणसाच्या निर्णयातून येतात, आणि तो माणूस बहुतेक वेळा दिवसभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी फिकट निळा शर्ट चढवून मैदानावर आलेला असतो.

पुढच्या पानांचा विषय म्हणजे त्या माणसाचे दोन अधिकार: खेळाडूला सामन्यातून बाहेर काढणे आणि सामनाच प्रतिस्पर्ध्याला बहाल करणे. व्यावसायिक बेसबॉलमधल्या अशा प्रसंगांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या चित्रफिती आहेत, विक्रमांच्या याद्या आहेत. अमेरिकेतल्या नगरपालिकांच्या उद्यानांत संध्याकाळी खेळल्या जाणाऱ्या हौशी सॉफ्टबॉलकडे मात्र कुणी तसे पाहत नाही. तिथे पंचाच्या मागे ना कॅमेरा असतो, ना सुरक्षारक्षक. हातात बॉल आणि स्ट्राइक मोजायचा छोटा इंडिकेटर, खिशात होमप्लेट झाडायचा ब्रश, दोन्ही संघांची लाइनअप कार्डे आणि मनगटावर घड्याळ, एवढाच त्याचा सरंजाम. यातले घड्याळ सर्वांत मोलाचे. नियमपुस्तकात पंचाच्या रागाला कुठे जागा नाही, पण मिनिटांचे आकडे जागोजागी आहेत, आणि या विषयाचे मर्म त्या आकड्यांत आहे.

आधी खेळाविषयी थोडे. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये झाला. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी हार्वर्ड आणि येल यांच्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला जमलेल्या मंडळींपैकी एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हॅन्कॉक यांना त्यात बंदिस्त जागेतला बेसबॉल दिसला. पुढे मिनियापोलिसच्या अग्निशमन दलातल्या लुईस रोबर यांनी जवानांना व्यायाम मिळावा म्हणून असाच खेळ उघड्यावर आणला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव १९२६ मध्ये डेन्व्हरच्या वॉल्टर हाकॅन्सन यांनी सुचवले. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मोठी स्पर्धा झाली आणि त्याच वर्षी अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन उभी राहिली. आज हीच संस्था यूएसए सॉफ्टबॉल या नावाने ओक्लाहोमा सिटीतून नियमपुस्तक काढते, पंचांना प्रशिक्षण देते आणि नोंदणीकृत पंचांना विम्याचे संरक्षणही देते.

खेळ हौशी आहे म्हणून कुणी तो हलक्यात घेत नाही. शिकागोत सोळा इंची चेंडूने, हातमोजे न घालता सॉफ्टबॉल खेळण्याची परंपरा आहे. १९७७ मध्ये तिथल्या पार्क खात्याने ग्रँट पार्कमधल्या सामन्यांत हातमोज्यांना परवानगी दिली, तेव्हा प्रसिद्ध स्तंभलेखक माइक रॉयको थेट न्यायालयात गेले आणि खटला जिंकून आले. बोटे मोडली तरी चालतील, पण हातमोजा नको, असे मानणारी माणसे संध्याकाळी सात वाजता मैदानावर येतात तेव्हा त्यांच्या दृष्टीने तिथे करमणूक चाललेली नसते. अशा हौशी सामन्यांच्या ‘बीअर लीग’ या टोपणनावामुळे बाहेरच्या माणसाला हे लक्षात येत नाही.

हौशी सॉफ्टबॉलमध्ये सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे स्लोपिच. चेंडू कमानीसारखा उंच फेकायचा, म्हणजे तो सगळ्यांना मारता येतो. मैदानात दहा खेळाडू. मिश्र संघ असेल तर साधारणपणे पाच पुरुष, पाच स्त्रिया. गुदामातले कामगार, शाळांतले शिक्षक, चर्चची मंडळी, सॉफ्टवेअर कंपन्यांतले सहकारी असे संघ असतात. नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी तरुणांपैकी काहींची या खेळाशी ओळख ऑफिसच्या अशाच संघात होते, आणि टेनिस चेंडूवर क्रिकेट खेळून तयार झालेला हात तिथे उपयोगी पडतो. एकाच मैदानावर दिव्यांच्या प्रकाशात पाठोपाठ तीन-चार सामने लावलेले असतात. प्रत्येकाला तासाभराची वेळ. एक लांबला की पुढचे सगळे लांबतात.

सामना बहाल होण्याचे सर्वांत मोठे कारण भांडण नसते, हजेरी असते.

दहापैकी आठच आलेले असतात. एकजण वाहतुकीत अडकलेला, दुसऱ्याच्या मुलाला ताप. यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमाप्रमाणे संघ एक खेळाडू कमी घेऊन सुरुवात करू शकतो, स्लोपिचमध्ये नऊ. दहाव्याची फलंदाजीची पाळी आली की तिथे एक बाद धरला जातो. पण आठ म्हणजे नाहीच. मग किती वेळ थांबायचे? हे बहुतेक लीग आपापल्या नियमांत ठरवतात. कुठे पाच मिनिटे, कुठे दहा, कुठे पंधरा. आणि बऱ्याच ठिकाणी ही सवलत फक्त दिवसाच्या पहिल्या सामन्याला असते. नंतरच्या सामन्यांना ठरलेली वेळ हीच शेवटची वेळ. हे सगळे पंचाच्या घड्याळाप्रमाणे. म्हणूनच अनुभवी पंच मैदानावर आल्या आल्या दोन्ही कर्णधारांना आपले घड्याळ दाखवतो. बारीकशी गोष्ट आहे, पण दहा मिनिटांनंतर उद्भवणारा अर्धा वाद तिथेच मिटतो.

अशा वेळी माणुसकी आणि नियम यांची खरी ओढाताण होते. नववा खेळाडू पार्किंगमधून धावत येताना दिसतो आहे आणि मुदत संपली आहे. समोरचा कर्णधार म्हणतो, ‘थांबू या की!’ काही लीग प्रतिस्पर्ध्याला ही सूट देऊ देतात, काही देत नाहीत. पंचाने स्वतःच्या मनाने सूट देऊ नये, यावर जुन्या पंचांचे एकमत आढळते, आणि त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. आज या संघासाठी तीन मिनिटे थांबलेला पंच पुढच्या आठवड्यात दुसऱ्या संघासाठी थांबला नाही, तर त्याची दया पक्षपात ठरते. शिवाय नुकसान फक्त वेळेचे नसते. अनेक पार्क खाती नोंदणीच्या वेळी संघाकडून अनामत घेतात आणि संघ न आल्यास ती जप्त करतात. ठरावीक वेळा असे घडले की संघाला लीगमधून काढतात. ज्यांना पुढे चाल मिळते त्यांनाही आनंद होतोच असे नाही. कामावरून घाईघाईने येऊन कपडे बदललेल्या दहा जणांना ७–० नको असते, खेळायला हवे असते. मग दोन्हीकडचे खेळाडू मिसळून, नोंद न ठेवता, उरलेल्या वेळात खेळतात. पंच अशा खेळाला सहसा उभा राहत नाही, कारण अधिकृत सामना संपलेला असतो आणि त्याचा विमाही अधिकृत सामन्यापुरताच असतो.

आता हकालपट्टीकडे येऊ. हजेरीचा नियम आणि हकालपट्टीचा नियम जिथे एकमेकांना भिडतात, तिथे पंचाचे काम सर्वांत अवघड होते. सामना चालू असताना खेळाडू जखमी झाला किंवा घरून फोन आल्यामुळे निघून गेला, आणि राखीव खेळाडू नसेल, तर संघ एक कमी घेऊन पुढे खेळू शकतो. पण खेळाडूला पंचाने बाहेर काढले असेल, तर ही सवलत नाही. राखीव खेळाडू असेल तर ठीक. नसेल तर सामना तिथेच समोरच्या संघाला बहाल. वर्षानुवर्षे चालत आलेल्या या तरतुदीमागचा विचार स्पष्ट आहे: गैरवर्तनाचा आणि दुखापतीचा परिणाम सारखाच व्हायला नको. पण हौशी लीगमध्ये संघ मोजून दहा जणांनिशी उतरतात. म्हणजे तिसऱ्या डावात एकाने तोंड सोडले आणि पंचाने त्याला बाहेर काढले, तर वीस माणसांची संध्याकाळ संपते. त्यातल्या एकोणीस जणांनी काहीच केलेले नसते.

हे पंचाला ठाऊक असते. खेळाडूंनाही ठाऊक असते, आणि काहीजण त्याच्या भरवशावर बोलत राहतात: आम्ही दहाच आहोत, हा काय काढणार! त्यामुळे हौशी पंचाच्या कौशल्याची खरी कसोटी बाहेर काढण्याच्या क्षणी नसते, त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत असते. प्रशिक्षणात शिकवला जाणारा क्रम साधा आहे. डगआउटमधून आलेली प्रत्येक कुरकुर ऐकू आलीच पाहिजे असे नाही. प्रश्न विचारला गेला तर उत्तर द्यावे. शेरा मारला गेला तर उत्तर देऊ नये. शेरे थांबत नसतील तर खेळाडूला नव्हे, कर्णधाराला गाठून शांतपणे सांगावे की हे इथे संपले पाहिजे. त्यानंतर उघड ताकीद. त्यानंतर हकालपट्टी.

मधल्या पायऱ्या गाळाव्या लागतील असे प्रकारही आहेत. पंचाला हात लावणे, अंगावर धावून जाणे, धमकी देणे, वंशावरून किंवा स्त्री पंचाला उद्देशून घाणेरडे बोलणे, यांना ताकीद नसते. बाकीच्या बाबतीत एक कसोटी उपयोगी पडते. ‘तो चेंडू कमानीत नव्हता’ हे निर्णयाविषयीचे बोलणे आहे, ‘तू आंधळा आहेस’ हे माणसाविषयीचे. पहिले मोठ्याने म्हटले तरी पंच सोसतो. दुसरे त्याने एकदाच सोसावे. बॅट आपटणे, पायाने धूळ उडवणे, हातवारे करून प्रेक्षकांना चिथावणे हेही न बोलता केलेले बोलणेच होय.

या ठिकाणी नियमपुस्तकाने कर्णधाराच्या हाती दिलेले एक साधन फार थोडे पंच नीट वापरतात. धावपटू बाद होता की नव्हता, चेंडू फाउल होता की नव्हता, असे डोळ्यांनी पाहून दिलेले निर्णय आक्षेपाच्या पलीकडचे असतात. पण पंचाने नियमच चुकीचा लावला, असे कर्णधाराला वाटत असेल तर पुढचा चेंडू फेकला जाण्याआधी तो अधिकृत आक्षेप नोंदवू शकतो. आरडाओरडा करणाऱ्या कर्णधाराला पंचाने एवढेच विचारावे: आक्षेप नोंदवायचा आहे का? नोंदवायचा असेल तर डाव, धावसंख्या, किती बाद, कोण कोणत्या बेसवर, हे सगळे लिहून घेतले जाते. लिहायला घेतले की आवाज खाली येतो. आणि आक्षेप नोंदवण्यासारखे काही नसेल तर कर्णधारालाही ते त्याच क्षणी कळते.

तरीही वेळ येतेच. तेव्हा काय करायचे याचीही ठरलेली रीत आहे, आणि तिचा प्रत्येक भाग अनुभवातून आलेला आहे. चेंडू खेळात असताना कुणालाही बाहेर काढायचे नाही; आधी खेळ थांबू द्यायचा, ‘टाइम’ म्हणायचे. खेळाडूच्या तोंडासमोर बोट नाचवायचे नाही. त्याच्या मागे डगआउटकडे जायचे नाही. आदेश एकदाच, स्पष्ट शब्दांत द्यायचा आणि लगेच कर्णधाराला सांगायचे की अमुक क्रमांकाचा खेळाडू आता सामन्यात नाही. दुसरा पंच असेल तर त्याने मध्ये येऊन खेळाडूला दूर न्यायचे, पण हात न लावता. नाव, क्रमांक, डाव आणि वेळ कार्डावर टिपायची. मग घड्याळ पाहायचे.

कारण नियम सांगतो: हकालपट्टीचा आदेश एका मिनिटात पाळला गेला नाही, तर सामना बहाल. थांबलेला खेळ ‘प्ले बॉल’ म्हटल्यावर दोन मिनिटांत सुरू केला नाही, तरी बहाल. बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा खेळताना आढळला, तरी बहाल. या मिनिटाची खुबी अशी की ते भांडणाची दिशा बदलते. आदेशाच्या क्षणी खेळाडू आणि पंच समोरासमोर असतात. पंच दोन पावले मागे सरून मनगटाकडे पाहतो आणि कर्णधाराला म्हणतो, ‘तुमच्याकडे एक मिनिट आहे.’ आता त्या खेळाडूला बाहेर नेण्याची गरज पंचाला उरलेली नसते, त्याच्याच नऊ सोबत्यांना असते. तेच त्याचा दंड धरतात, तेच त्याची पिशवी उचलतात. साठ सेकंद संपेपर्यंत बहुतेक खेळाडू कुंपणापर्यंत पोहोचलेले असतात. गैरवर्तन गंभीर असेल तर त्याने मैदानाचा परिसरही सोडायचा असतो.

हकालपट्टीचा एक प्रकार मात्र रागाशिवाय घडतो. स्लोपिचमध्ये पिचर होमप्लेटपासून पन्नास फुटांवर उभा असतो, आणि आजच्या कंपोझिट बॅटवरून सुटलेला चेंडू त्याच्याकडे परत येतो तेव्हा प्रतिक्रियेला फारच थोडा वेळ मिळतो. म्हणून २००४ पासून अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशनने बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूच्या वेगाला ताशी ९८ मैलांची मर्यादा घालणारी चाचणी लागू केली, आणि मान्य बॅटवर शिक्का येऊ लागला. यावर पळवाट निघाली. बॅटचे टोक उघडून आतली भिंत लेथवर तासून पातळ करायची, किंवा बॅट रोलरमधून दाबून काढायची, म्हणजे ती जास्त उसळी देते. बाहेरून शिक्का जागच्या जागी. अशी फेरफार केलेली बॅट घेऊन फलंदाज उभा राहिला तर तो बाद आणि सामन्यातूनही बाहेर. कुणी आवाज चढवलेला नसतो, कुणी शिवी दिलेली नसते. तरीही नियमपुस्तकातल्या सर्व हकालपट्ट्यांत ही सर्वांत न्याय्य म्हणावी लागेल, कारण शिवीने पंचाचा अपमान होतो, तासलेल्या बॅटने पिचरच्या कवटीला धोका होतो. दुर्दैवाने आतून तासलेली भिंत नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पंच शिक्का पाहतो, टोकाचे झाकण सैल आहे का ते पाहतो, बॅट हलवून आत काही खुळखुळते का ते ऐकतो, आणि तिथे त्याचे ज्ञान संपते.

हौशी खेळाडू भांडायला कुठे शिकतो, याचे उत्तर बहुधा दूरचित्रवाणीवर सापडते. अटलांटा ब्रेव्हजचे व्यवस्थापक बॉबी कॉक्स यांनी १४ ऑगस्ट २००७ रोजी आपली १३२ वी हकालपट्टी ओढवून घेतली आणि जॉन मॅग्रॉ यांचा जुना विक्रम मोडला; निवृत्त होईपर्यंत त्यांचा आकडा दीडशेच्या पुढे गेला. बाल्टिमोरचे अर्ल वीव्हर तर टोपी उलटी फिरवून, पंचाच्या छातीला छाती भिडवून भांडण्यासाठीच ओळखले जात. १५ सप्टेंबर १९७७ रोजी टोरांटोत त्यांनी सरावाच्या जागेवर अंथरलेल्या ताडपत्रीपायी आपला संघ मैदानाबाहेर नेला. खेळाडूंना धोका आहे, ती हटवा, असे त्यांचे म्हणणे. पंचप्रमुख मार्टी स्प्रिंगस्टेड यांनी वाट पाहिली आणि सामना टोरांटोला बहाल केला, तोही बाल्टिमोर अव्वल स्थानासाठी झगडत असताना. वीव्हर यांच्या रागात नाट्य होते आणि त्यामागे संघात जान आणण्याचा हिशेबही असे. हौशी मैदानावर ते नाट्य जसेच्या तसे उतरते, पण हिशेबाशिवाय. व्यावसायिक पंच सामन्यानंतर वेगळ्या दाराने निघतो. हौशी पंचाची गाडी बाहेर काढलेल्या खेळाडूच्या गाडीशेजारी उभी असते.

प्रेक्षकांमुळे सामना बहाल होण्याचे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण क्लीव्हलंडचे. ४ जून १९७४ रोजी तिथे दहा सेंटला एक पेला बीअर विकली गेली. नवव्या डावात धावसंख्या ५–५ असताना प्रेक्षक मैदानात घुसले, टेक्सासच्या खेळाडूंवर हल्ला झाला, आणि पंचप्रमुख नेस्टर चायलॅक यांनी सामना टेक्सासला ९–० असा बहाल केला. चायलॅक दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले सैनिक होते. गोंधळाला घाबरणारा माणूस तो नव्हे. त्यांनी सामना थांबवला, कारण खेळाडूंच्या जिवाची हमी आपण देऊ शकत नाही हे त्यांना दिसले. सॉफ्टबॉलचे नियमपुस्तक हीच गोष्ट कोरड्या भाषेत सांगते. अंधार, पाऊस, आग, घबराट, किंवा माणसांना धोक्यात टाकणारे काहीही घडले तर मुख्य पंच सामना थांबवू शकतो. आणि संघातल्या कुणी किंवा प्रेक्षकाने पंचावर हल्ला केला तर सामना बहाल करू शकतो.

मराठी वाचकाला या सगळ्यात आपल्या आठवणीतले एक दृश्य दिसल्याशिवाय राहणार नाही. फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी सुनील गावस्करांना पायचीत दिले. चेंडू बॅटला लागला होता, असे गावस्करांचे म्हणणे. निघता निघता त्यांनी चेतन चौहान यांनाही आपल्याबरोबर चालायला लावले. सीमारेषेशी संघाचे व्यवस्थापक शाहिद दुराणी पुढे आले, गावस्कर बाहेर गेले, चौहान मात्र परत फिरले. त्या काही पावलांवर कसोटी अवलंबून होती. चौहान सीमारेषा ओलांडून गेले असते तर भारताने सामना सोडून दिल्याचे ठरले असते. ते परतले, आणि पुढे कपिल देव यांनी पाच बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला ८३ धावांत गुंडाळले. भारत ५९ धावांनी जिंकला. सॉफ्टबॉलमध्ये कर्णधाराला दिलेले ते एक मिनिट नेमके हेच काम करते. दुराणींसारख्या माणसाला पुढे येण्याएवढा वेळ मिळतो.

असा कुणी पुढे आला नाही तर काय होते ते २० ऑगस्ट २००६ रोजी ओव्हलवर दिसले. चेंडूशी छेडछाड केल्याबद्दल पाच दंडाच्या धावा लागल्यावर पाकिस्तानचा संघ चहापानानंतर वेळेवर आला नाही, आणि पंच डॅरेल हेअर व बिली डॉक्ट्रोव्ह यांनी कसोटी इंग्लंडला बहाल केली. कसोटी क्रिकेटच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. पुढे २००८ मध्ये आयसीसीने तो निकाल अनिर्णित केला आणि २००९ मध्ये पुन्हा इंग्लंडच्या बाजूने फिरवला. क्रिकेटने खेळाडूला मैदानाबाहेर पाठवण्याचा अधिकार पंचांना नियमांत दिला तो तर १ ऑक्टोबर २०१७ पासून. नव्या बेचाळिसाव्या नियमात गैरवर्तनाच्या चार पातळ्या आहेत: ताकीद आणि दंडाच्या धावांपासून सुरुवात, तिसऱ्या पातळीला काही षटकांपुरते निलंबन, आणि पंचावर हात टाकणे किंवा हिंसा अशा चौथ्या पातळीला उरलेल्या सामन्यातून हकालपट्टी. कर्णधाराने आदेश पाळायला नकार दिला तर सामना बहाल. आपल्या कबड्डीत हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड असते, आणि पिवळ्याला दोन मिनिटे बाहेर बसावे लागते. हौशी सॉफ्टबॉलमध्ये अशी मधली शिक्षा जवळजवळ नाही. ताकीद संपली की थेट हकालपट्टी, आणि संघ दहाचाच असेल तर थेट ७–०. दोन मिनिटे बाहेर बसवण्याची सोय इथेही असती, तर कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या.

ती सोय नसल्यामुळे बराचसा राग मैदानाबाहेर जाऊन फुटतो. एप्रिल २०२२ मध्ये मिसिसिपीतल्या लॉरेल गावी लहान मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यात शिवीगाळ करणाऱ्या एका पालक महिलेला पंच महिलेने मैदानाबाहेर काढले. सामना संपल्यावर तीच महिला बाहेर वाट पाहत थांबली आणि तिने पंचाच्या डोळ्यावर ठोसा मारला. सुजलेल्या, काळ्यानिळ्या डोळ्याचे ते छायाचित्र देशभर फिरले. नॅशनल असोसिएशन ऑफ स्पोर्ट्स ऑफिशियल्सने २०१७ मध्ये सर्व खेळांतल्या सतरा हजारांहून अधिक पंचांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्या पुरुष पंचांनी सांगितले की कधी ना कधी आपल्याला सुरक्षिततेची भीती वाटली आहे. स्त्रियांचे प्रमाणही फारसे वेगळे नव्हते. अमेरिकेतल्या वीसहून अधिक राज्यांत पंचांवरील हल्ल्यासाठी खास कायदे आहेत. ते असूनही माध्यमिक शाळांच्या क्रीडा महासंघाच्या अंदाजाप्रमाणे २०१८ नंतरच्या तीन वर्षांत सुमारे पन्नास हजार पंचांनी शिट्टी आणि इंडिकेटर खाली ठेवले. त्यात साथीच्या काळाचा वाटा होता, पण वागणुकीचाही होता.

न्यू जर्सीतल्या डेप्टफर्ड टाउनशिपच्या लिटल लीगने २०२३ मध्ये यावर एक वेगळा उपाय शोधला. पंचाला शिवीगाळ केल्यामुळे बाहेर काढलेल्या प्रेक्षकाला परत यायचे असेल, तर आधी तीन सामन्यांत स्वतः पंच म्हणून उभे राहायचे. नियमाचा बोलबाला झाला तो त्यातल्या गमतीमुळे, पण त्यामागचा विचार पक्का आहे. प्लेटमागे उभे राहून पाहिल्यावर पहिल्या बेसवरचा निसटता निर्णय किती वेगाने द्यावा लागतो, हे कुणालाही तीन सामन्यांत उमगेल.

हकालपट्टीचा शेवट मैदानावर होत नाही. त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पंच लीगला अहवाल पाठवतो. त्यात मत नसावे, विशेषणे नसावीत. ‘खेळाडू उद्धट वागला’ हे निरुपयोगी वाक्य. तो नेमके काय म्हणाला ते शब्दशः, शिवीसकट लिहावे, कारण शिस्त समितीला शब्दांवर निर्णय द्यायचा असतो. किती सामन्यांचे निलंबन करायचे हे पंच ठरवत नाही, आणि ठरवू नये. बऱ्याच लीगमध्ये पुढच्या एका सामन्याची बंदी आपोआप लागते, त्यापुढचे समिती पाहते. इथे लीगचालकांचा कस लागतो. संघाने भरलेली फी, जुनी ओळख, पुढच्या हंगामातली नोंदणी या सगळ्याचा विचार करून समितीने बंदी मागे घेतली, की त्या खेळाडूच्या पुढच्या सामन्याला उभे राहायला पंच मिळणे कठीण होते. पैसे वाचवण्यासाठी दोनऐवजी एकच पंच पाठवणाऱ्या लीगमध्ये तर हे आणखी तीव्र होते. मध्ये येऊन खेळाडूला दूर नेणारा साथीदार नाही, आणि अहवालाला दुजोरा देणारा साक्षीदारही नाही. लीगला एकच खर्च वाढवता येणार असेल, तर तो दुसऱ्या पंचाचा असावा.

पहिले प्रकरण या सर्व नाट्यापासून दूर, लाइनअप कार्डापासून सुरू होते. सामन्याआधी कार्डावर राखीव खेळाडूंची नावे लिहून घेतली आहेत की नाहीत, यावर तिसऱ्या डावातली हकालपट्टी एका खेळाडूपुरती राहणार की वीस जणांना घरी पाठवणार, हे ठरते. कर्णधार घाईत असतो, दहा नावे लिहून कार्ड पुढे करतो आणि हातमोजा शोधायला वळतो. पंचाने त्याला थांबवून विचारायचे असते: अकरावा कोण?